ताईचा रिपोर्ट

९ फेब्रुवारी

ताई,

आधी ‘तीर्थस्वरूप’ लिहिलं होतं, ते खोडलं. वर दिसतंयच तुला. नवा कागद आणायला उठावं लागलं असतं, आणि मला उठबस बेतानं करायला सांगितलंय.

मी फोन उचलत नाही म्हणून तू लेकीकडे तक्रार केलीस. मावशीचा आवाज रडवेला होता म्हणाली. उचलत नाही कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. लहानपणापासूनचं आहे हे. माझं वाक्य अर्ध्यावर आलं की पुढचं तू म्हणून टाकतेस, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा माझ्यापेक्षा चांगलं म्हणतेस. या वेळी मला माझी वाक्यं माझी मलाच संपवायची आहेत.

दुकानात काय झालं ते भाऊजींनी तुला सांगितलं असेल, पण त्यांचं तरी सगळं ऐकीवच. एका निवृत्त मास्तरांना नवा चष्मा द्यायचा होता. डावी दांडी कानामागे टोचते म्हणाले, म्हणून ती गरम करून वाकवायला घेतली आणि माझा जबडा दुखायला लागला. छाती नाही, जबडा. मग डावा खांदा. मला वाटलं, काल तुझ्या व्यायामाच्या वर्गात खांद्याचं जरा जास्तच झालं. हसशील तू. इकडे झटका येत होता आणि मी मनात तुझंच वाक्य घोळवत होते, ‘दुखतंय म्हणजे लागू पडतंय.’ मास्तर म्हणाले, “बाई, तुम्हाला एवढा घाम का आलाय?” त्यानंतर मी सरळ त्यांच्या मांडीवर बसले म्हणे. मला आठवत नाही. मास्तर मात्र जन्मभर विसरायचे नाहीत.

दोन स्टेंट घातले. जागी झाले तेव्हा डॉक्टरीणबाई उशाशी उभ्या होत्या. त्याच, ज्यांनी तीन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाच्या नळीतला तो छोटा अडथळा दाखवून कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू केल्या होत्या. म्हणाल्या, “गोळ्या नियमित चालू होत्या ना?” लेक शेजारीच होती. मी म्हटलं, “हल्ली विसरायला होतं हो.” लेकीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिची शाळेची फी जुगारात घालवली. पण तुझं नाव मी घेतलं नाही. ते आधीच सांगून ठेवते.

आता भाऊजी. तू वर्गात होतीस त्या संध्याकाळी ते मला भेटायला आले. नर्स गोळ्या ठेवून गेली. तुला माहितीये त्यांची सवय, पुढ्यात जे येईल ते उचलून वाचायचं. चष्मा लावला, पाकीट डोळ्यांसमोर धरलं आणि एकदम खूश होऊन म्हणाले, “अगं, ही तर आमचीच!”

“आमचीच म्हणजे?”

“तुझ्या ताईची गं. रोज रात्री जेवण झालं की मीच काढून देतो. ती पाण्याशिवाय गिळते, माझ्याच घशात अडकल्यासारखं होतं.”

“कधीपासून घेते?”

“झाली की आता दोन वर्षं.” मग थांबले. “तुला ठाऊक होतं ना?”

“होतं की,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ते बिचारे माझी उशी नीट करत होते.

रात्रभर त्या यंत्राची टिकटिक ऐकत मी एकच हिशोब करत पडले होते. मी गोळ्या सोडल्या गेल्या एप्रिलमध्ये. तू सोडायला लावल्यास म्हणून. तेव्हा तू स्वतः घेत होतीस.

एवढंच विचारते, ताई. हे खरं आहे का?

चिमणी


२० फेब्रुवारी

ताई,

लेकीबरोबर निरोप पाठवलास, ‘ती व्हिटॅमिनची गोळी आहे, भाऊजींना नीट वाचता येत नाही.’

भाऊजींचा चष्मा मी बनवलाय. त्यांना नीट वाचता येतं.

राग आवरून लिहायचं ठरवून बसले होते, पण या एका निरोपानं सगळं वाया घालवलंस. खोटं बोलायचं तर निदान माझ्या धंद्यातलं तरी बोलू नको होतंस.

हे गेले त्यानंतरचं वर्ष आठवतं? मी दुकानातून घरी यायची, दिवा न लावता बसायची. लेक परगावी. माझ्या दंडाची कातडी लोंबत होती, जिना चढताना मध्ये दोनदा थांबायची. तू आलीस, कपाट उघडलंस, यांचे जुने बूट होते त्यातून माझे कॅनव्हासचे शोधून काढलेस आणि म्हणालीस, “ऊठ. रडायचंच असेल तर काहीतरी जड उचलून रड.”

फर्निचरच्या दुकानाच्या वरचा तुझा तो मजला. खाली लाकडाच्या पॉलिशचा वास, वर रबराच्या चटयांचा. पन्नाशी उलटलेल्या आम्ही सगळ्या बायका, कोणाचे गुडघे कुरकुरतात, कोणाचं पोट आडवं येतं, आणि समोर साठीला टेकलेली तू, खांद्यावर वजनाचा लोखंडी बार घेऊन सरळ खाली बसतेस आणि सरळ उठतेस. पहिल्या दिवशी मला नुसता रिकामा बार जमिनीवरून उचलायला दिलास. “पाठ सरळ. टाचांनी जमीन ढकल. वर बघ, चिमणे, माझ्याकडे.” बार वर आला तेव्हा मी लहान मुलीसारखी हसले. वर्षभरात पहिल्यांदा. ते कोणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. तूसुद्धा नाही.

आणि त्या खोलीत आरशाच्या बाजूला तुझा तो रिपोर्ट. खिडकीएवढा मोठा करून फ्रेम केलेला. सीआरपी आधी चारच्या वर, मग एकच्या खाली. कोलेस्टेरॉलच्या आकड्यांना लाल गोल, शेजारी हिरवे गोल. खाली ठळक अक्षरांत, ‘एकही गोळी नाही.’ नवी बाई आली की तू तिला आधी तिथे उभी करायचीस. “रक्तात आग असते, दिसत नाही. शरीर कुठेतरी धुमसत असलं की हा सीआरपी वाढतो. आग विझवायला गोळी लागत नाही, स्नायू लागतो.” काय बोलायचीस तू! मला पाठ झालं होतं.

तरी मी गोळ्या घेत होते. मग तो एप्रिल. वर्ग सुटल्यावर जिन्यात मी पर्समधून पाकीट काढलं आणि तू पाहिलंस.

“अजून घेतेस तू?”

“डॉक्टरांनी दिल्यात ना.”

“मग मी काय भिंतीवर शोभेसाठी लावलंय ते?”

“ताई, बाबांचं काय झालं माहितीये ना तुला? त्यांचं हृदय, आपलं हृदय...”

“बाबांनी जन्मात खुर्चीपेक्षा जड काही उचललं नाही.” आपण दोघी हसलो. मग माझा हात धरून, अगदी हळू आवाजात म्हणालीस, “चिमणे, मी तुला खड्ड्यात घालीन का?”

या प्रश्नाला बहीण काय उत्तर देते? मी पाकीट पर्समध्ये टाकलं ते परत काढलंच नाही. दुसऱ्या आठवड्यात तू सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंस, आमची चिमणी आता मोकळी झाली म्हणून, आणि बायकांबरोबर तूही टाळ्या वाजवल्यास. मी लाजले. मला आवडलंही.

त्याच रात्री घरी जाऊन तू जेवलीस, आणि भाऊजींनी तुझ्या तळहातावर गोळी ठेवली. टाळ्या वाजवलेले तुझे ते हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

चिमणी


११ मार्च

ताई,

आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलच्या तळमजल्यावर व्यायामाला जाते. हो, वजनं उचलायलाच. तुला वाटलं असेल, हिनं आता कानाला खडा लावला. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या दिवशी तिथल्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं पाण्याच्या बाटलीएवढं डंबेल हातात दिलं तेव्हा मला रडूच फुटलं. तिला वाटलं छातीत दुखतंय. धावत यंत्र घेऊन आली. मी म्हटलं, “दुखत नाही गं, अपमान झाला.”

तिच्यासमोर माझं तोंड उघडलं. मग डॉक्टरीणबाईंपुढेही. गोळ्या विसरले नव्हते, सोडल्या होत्या, असं सांगितलं. कोणाच्या सांगण्यावरून, तेही. त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून समोर बसल्या.

म्हणाल्या, “तुमच्या बहिणीनं व्यायामाबद्दल सांगितलं ते खोटं नाही. स्नायू काम करतात तेव्हा रक्तात असं काही सोडतात की शरीरातला दाह आवरायला मदत होते. नेमानं महिनोन्महिने केलं, पोटाची चरबी उतरली, तर सीआरपी थोडा खाली येतो. रक्तदाब सुधारतो, साखर सुधारते. म्हणून तर मी तुम्हाला खाली पाठवते.”

“मग?”

“पण तुमचं कोलेस्टेरॉल वडिलांकडून आलंय. ते यकृतात तयार होतं, ते वजनं उचलून पुरेसं उतरत नाही. आणि तुमच्या नळीत आधीच खडबडीत जागा होती. ती जागा गोळीनं शांत ठेवली होती. व्यायाम आणि गोळी या सवती नाहीत हो. जावा आहेत. एका घरात नांदतात. एकीनं दुसरीला घराबाहेर काढायचं नसतं.”

मी हसले आणि मग घरी येईपर्यंत मला हसूच आलं नाही. कारण हे तुला कोणीतरी असंच सांगितलं असणार. तुझ्या डॉक्टरांनी. त्याशिवाय तू गोळी चालू केली नसतीस. तुला पटलंही होतं. फक्त पुढे सांगायचं नव्हतं.

घरी लेकीला सगळं कळलं. तिनं तुझ्या नावानं जी मुक्ताफळं उधळली ती लिहीत नाही. मी तुझी बाजू घ्यायला गेले, सवयीनं, आणि वाक्य मध्येच तुटलं.

आज मात्र वेगळ्या कारणासाठी लिहितेय. काल शिंपीणबाई आल्या होत्या. तुझ्या वर्गातल्या, ज्या माझ्या ब्लाउजला कधी पैसे घेत नाहीत त्या. सफरचंदं घेऊन आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, “माझं बरं चाललंय. ताईंचं ऐकून मीही सोडल्यात सगळ्या, ऑक्टोबरपासून. रक्तदाबाच्यासुद्धा.” त्यांच्या नवऱ्याला अर्धांगवायू झालाय, ताई. त्या पडल्या तर त्या घरात दोघांना पाणी द्यायला कोणी नाही. मी त्यांना म्हटलं, आधी डॉक्टरांना विचारा. त्या हसल्या. “अहो, तुम्ही विसरलात म्हणून झालं ना तुम्हाला. मी काय विसरले नाही, ठरवून सोडल्यात.”

विसरले, हे मी सांगितलं होतं. तुला झाकायला.

आता तू सांग त्यांना. सगळ्यांना. तुझ्या तोंडानं सांगितलंस तर ऐकतील. मी मागते ते एवढंच.

धाकटी


२३ मार्च

ताई,

काल तू येऊन गेलीस. तुझ्यापुढे मला चार शब्द सुचले नाहीत, म्हणून आज लिहिते.

लेक दार उघडेना, तू जिन्यात उभी. शेवटी मीच उघडलं. तू आत आलीस ती थेट स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवलास, माझ्या घरात, नेहमीसारखा. मला तेव्हाच ओरडायचं होतं की त्या गॅसला हात लावू नकोस. लावू दिला.

तू म्हणालीस, “पहिलं वर्ष खरं होतं. देवाशपथ, चिमणे. तो रिपोर्ट खरा आहे. एकही गोळी घेत नव्हते तेव्हा.”

चहा वर आला, मी गॅस बारीक केला. तू पुढे म्हणालीस,

“मग आकडे परत चढले. मी वजन वाढवलं, साखर सोडली, पहाटे उठून चालायला लागले. तरी चढले. डॉक्टर म्हणाले, वडिलांची हिस्ट्री आहे, हट्ट नको. मी घरी येऊन दोन दिवस पडून होते. वर्गात तीस बायका, ती फ्रेम. मी काय सांगणार होते त्यांना?”

“खरं,” मी म्हटलं.

“खरं सांगितलं असतं तर एक तरी बाई बारला हात लावायला आली असती का?”

याचं उत्तर आज देते. आल्या असत्या. मी तर आलेच असते. मी रिपोर्ट बघून आले नव्हते, तुझ्या मागून आले होते.

आणि एक. बायकांना सांगवेना हे मी समजू शकते. माणूस स्वतःच्या मोठेपणात अडकतो. पण मी? त्या जिन्यात आपण दोघीच होतो. कोणी ऐकत नव्हतं. ‘चिमणे, मी घेते, तूही घे, कोणाला बोलू नकोस’ एवढं कानात म्हणाली असतीस तर मी तुझं गुपित माझ्या चितेपर्यंत नेलं असतं. तुला ते ठाऊक होतं. तरी माझा हात हातात धरून तू दुसरंच बोललीस. ताई, याला केसानं गळा कापणं म्हणतात. तो बायकांचा नाही कापलास. माझा कापलास.

तू रडलीस. मी तुला रुमाल दिला. याचा अर्थ काही काढू नकोस, रुमाल मी कोणालाही देते.

जाताना कबूल केलंस, गुरुवारी वर्गात सांगते. ठीक आहे. गुरुवारची वाट बघते.


२ एप्रिल

ताई,

गुरुवारी रात्री शिंपीणबाईंचा फोन आला. आनंदात होत्या. म्हणाल्या, “ताईंनी ती फ्रेम काढली. म्हणाल्या, जुनी झाली. आणि तुमच्याबद्दलही बोलल्या हो. की चिमणी व्यायाम बुडवायची, गोळ्या विसरायची, दोन्ही डगरींवर पाय ठेवायला गेली आणि पडली. जे करायचं ते मनापासून करा म्हणाल्या.”

तुला वाचवायला मी जे खोटं बोलले, तेच तू उचललंस आणि माझ्यावर फेकलंस. व्यायाम बुडवायची? मी? ताप असताना आले होते मी, आणि तूच परत पाठवलं होतंस.

काल मी वर्गात आले. तू तिथे होतीस, तरी लिहिते. कारण उद्या तुला ते वेगळं आठवेल.

जिना मी एका दमात चढले. खालचा फर्निचरवाला म्हणाला, “अरे वा, बाई, बऱ्या झालात!” वर तुम्ही सगळ्या खांद्याचं करत होतात. तू मला आरशात पाहिलंस, आणि मागे वळली नाहीस. “चार, पाच, खाली सावकाश” असं मोजतच राहिलीस. पुढची एवढी वाक्यं मी चार दिवस घोकत होते.

मी म्हटलं, “बायांनो, मी गोळ्या विसरले नव्हते. मी सोडल्या होत्या. ताईनं सांगितलं म्हणून, आणि मला ऐकावंसं वाटलं म्हणून. ताई स्वतः दोन वर्षं घेतेय. ज्यांनी सोडल्यात त्यांनी उद्या डॉक्टरकडे जा. वजनं सोडू नका. मीही सोडलेली नाहीत. पण गोळ्यांचं डॉक्टरला विचारा.”

बँकवाली पहिली तडकली. “घरची भांडणं इथे कशाला आणता? आम्ही इथे मन शांत करायला येतो.” दोघीतिघींनी माना डोलावल्या. मला वाटलं, आता आपण तोंडघशी पडलो. तू एक शब्द बोलली असतीस, ‘हिची तब्येत अजून बरी नाही’ असं, तर त्यांनी मला हाताला धरून जिन्यापर्यंत पोचवलं असतं. बोलली नाहीस. ते मी लक्षात ठेवलंय.

शिंपीणबाई पुढे आल्या. हातात दोन्ही डंबेल तशीच. “ताई, तुम्ही घेता?”

“डॉक्टरांनी दिल्यात. पण माझं वेगळं...”

“घेता की नाही?”

तू म्हणालीस, “घेते.”

शिंपीणबाईंनी डंबेल खाली ठेवली, इतक्या हळू की आवाज झाला नाही. म्हणाल्या, “मी माझ्या वहिनीलाही सोडायला लावल्या हो.” आणि फोन घेऊन जिन्यात पळाल्या. त्यांचा आवाज वरपर्यंत येत होता, “वहिनी, कुठे आहेस? बरी आहेस ना? आधी खाली बस, मी काय सांगते ते ऐक...”

बँकवालीनं चटई गुंडाळली. जाताना तिनं ना तुझ्याकडे पाहिलं ना माझ्याकडे.

सगळ्या गेल्यावर तू बारच्या चकत्या एकेक काढून रॅकवर लावत होतीस. म्हणालीस, “झालं समाधान?”

नाही झालं. मला वाटलं होतं होईल.


७ मे

ताई,

लिहिणार नव्हते. आज भाऊजी दुकानात आले म्हणून लिहिते. मी सध्या अर्धा दिवस बसते. त्यांना वाटलं असेल गिऱ्हाईक असतील, म्हणून बराच वेळ शोकेसमधल्या फ्रेमी बघत उभे राहिले. मी म्हटलं, “भाऊजी, तुमच्या गोल चेहऱ्याला ती शोभायची नाही. काय झालं ते बोला.”

म्हणाले, “ती गोळी घेत नाही.”

“कधीपासून?”

“तू वर्गात येऊन गेलीस त्या दिवसापासून. मी ताटाशेजारी ठेवतो, सकाळी तिथेच असते. म्हणते, आता खरंच करून दाखवते. वर्ग नसतो तेव्हा तिथे एकटी जाते, जड जड उचलते. परवा जिन्यात बसली होती, दम लागून. मला म्हणाली, कोणाला सांगितलंस तर बघ.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “तुझ्यावर राग नाही माझा. पण मी एकटा काय करू, सांग.”

ते रडले, ताई. माझ्या काउंटरला धरून. गोळी पाण्याशिवाय गिळलेली ज्यांना बघवत नाही त्या माणसासमोर तू हे मांडलंयस.

काय सिद्ध करणार आहेस? आणि कोणाला? वर्गातल्या सात बायका अजून येतात. शिंपीणबाईही येतात, गोळ्या घेऊन येतात. त्याच मला म्हणाल्या, “ताई शिकवतात चांगलं, ते कुठे खोटं होतं?” मला ते ऐकून राग आला. पण खरं आहे.

माझा नवा रिपोर्ट आलाय. सीआरपी खाली आहे, कोलेस्टेरॉल खाली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, श्रेय कोणाला किती ते वेगळं काढता येणार नाही, आणि काढायची गरजही नाही. मी तो फ्रेम करणार नाही.

तुझं माझं रक्त एकाच माणसाकडून आलंय. बाबा आरामखुर्चीतच गेले तेव्हा आईनं आधी तुला हाक मारली होती, मला नाही, कारण तू मोठी. मी दारातून तुझी पाठ पाहिली होती. तू त्यांच्या छातीवर कान ठेवून बसली होतीस आणि उठत नव्हतीस. मला दुसऱ्यांदा ती पाठ बघायची नाही. या वेळी कान ठेवायला मला बसावं लागेल, आणि ते मी तुझ्यासाठी करणार नाही. तेवढं प्रेम माझ्यात आत्ता शिल्लक नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. करीन की नाही ठाऊक नाही. पण तू मेलीस तर मला करावंच लागेल, लोकलाजेस्तव, आणि तुझी ही पळवाट मला मान्य नाही. माझ्यासमोर माफी मागायची आणि ती मिळत नाही हे सोसायचं, यासाठी तुला जगावं लागेल. पुष्कळ वर्षं.

हे पत्र भाऊजींच्या हाती देतेय. तू वाचून संपवेपर्यंत ते पाण्याचा पेला घेऊन समोर उभे राहणार आहेत. तसं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. त्यांचा हात दुखायला लागेल, फार वेळ लावू नकोस.

घे. पाण्याबरोबर घे.


९ मे

ताई,

घेतलीस, कळलं. भाऊजींचा आवाज फोनवर इतका मोठा होता की दुकानातल्या गिऱ्हाइकानं वळून पाहिलं.

सोमवारी तुझी डॉक्टरीणबाईंकडे वेळ घेतली आहे, साडेदहाची. रक्त द्यायचंय म्हणून उपाशीपोटी जा. आदले दोन दिवस बारला हात लावू नकोस, नाहीतर सीआरपी उगाच चढलेला दिसेल. हे तूच शिकवलंयस मला. भाऊजी सोबत येतील.

मी तिथे नसेन. मुद्दाम माझी वेळ मंगळवारी करून घेतली.

आणि घरी भेटायला येऊ नकोस. अजून नको.